माळ घातली, आता ताटात काय?

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)

 

शेतकरी बंधूंनो आणि मायबहिणींनो, आजचा विषय पिकाचा नाही, पीक काढणाऱ्या अंगाचा आहे. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरी जाऊन, नाहीतर गावच्या सप्त्यात, दरवर्षी कितीतरी माणसं गळ्यात तुळशीची माळ घालतात. माळ घातली की मटण, मासळी, अंडी बंद, आणि दारूही बंद. काहीजण माळ न घालताही सोडतात. कोणी देवाला बोललेलं असतं, कोणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, कोणाच्या नुसतं मनाला वाटलेलं असतं. सोडावं की सोडू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. त्यात आपण पडायचं नाही.

पण वर्ष-दोन वर्षं गेली की यातलीच काही मंडळी म्हणू लागतात, "पहिल्यासारखी ताकद राहिली नाही हो. रात्रीचं दारं धरून आलं की दुसरा दिवस अंथरुणातच जातो." शेजारी लगेच म्हणतो, "बघा, वशाट सोडलं की असंच व्हायचं." मग घरात कुरबूर सुरू होते. अहो, त्या माळेला का बोल लावायचा? ताटातून एक पदार्थ उठला आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. अंग उतरतं ते त्यामुळे.

आधी आपण एक हिशेब करून बघू. आपल्या शेतकऱ्याच्या घरी मटण रोज कधीच नव्हतं. आठवड्याच्या बाजाराला, जत्रेला, पाहुणा आला तर. समजा, माणशी आठवड्याला पाव किलो मांस, हाडं सोडून, पोटात जात होतं. त्यातून साधारण ५० ग्रॅम प्रथिने मिळत होती. अंगाची झीज भरून काढणारी, मांस धरणारी ती ही प्रथिने. डाळी-कडधान्यात १०० ग्रॅमला २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे आठवड्याच्या त्या मटणाच्या बदल्यात आठवड्याला पाव किलो डाळ जास्तीची खायची, रोजची म्हटली तर एक मूठ. एवढीच ती भरपाई. एक किलो मटणाच्या पैशांत चार किलो तरी तूरडाळ येते, हेही ध्यानात असू द्या.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे आमटी रोजच असते. असते, पण कशी असते? पाच माणसांच्या आमटीत दोन मुठी डाळ आणि तांब्याभर पाणी. वरची फोडणी झणझणीत, खाली डाळ शोधावी लागते. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि असली आमटी एवढ्यावर पोट भरतं हे खरं. ज्वारी-बाजरीच्या पिठात १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, आणि दिवसाला सहा भाकरी खाणाऱ्या गड्याला त्यातूनच ४० ग्रॅम मिळतात. पण धान्यातल्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो. औताला एक बैल दमदार आणि दुसरा मरतुकडा जुंपला तर औत मरतुकड्याच्याच चालीनं चालतं, तसं हे आहे. डाळीत हा घटक भरपूर असतो. डाळीत जे कमी पडतं ते धान्यात असतं. म्हणून भाकरी आणि वरण, भात आणि आमटी, खिचडी, झुणका-भाकर ही आपल्या वाडवडिलांची जोडी अगदी बरोबर जुंपलेली आहे. फक्त त्यातला डाळीचा बैल अलीकडे फार रोडावला.

सहा भाकरी खाणारा गडी एकवेळ निभावून नेईल. खरी ओढ लागते ती थोडं खाणाऱ्यांना. म्हाताऱ्या माणसांना दोन भाकरी जात नाहीत, लहान पोरांचं पोटच एवढंसं, आणि घरची बाई सगळ्यांचं झाल्यावर तळाचं खाते. या तिघांच्या ताटात डाळ घट्ट पाहिजे. म्हाताऱ्यांना मुगाचं वरण, मऊ खिचडी, हुलग्याचं माडगं द्यावं. पोरांना मटकीची उसळ, हरभऱ्याच्या घुगऱ्या द्याव्यात. कडधान्य रात्री भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले की पचायला हलकं होतं, आणि त्यातलं लोह, जस्त अंगाला जास्त लागतं. मोड आणायला पैसा पडत नाही, फक्त आदल्या रात्री आठवण ठेवावी लागते. आमच्या बायकांना तेवढीच फुरसत नसते, हेही मला माहीत आहे. म्हणून हे काम पुरुषांनी अंगावर घ्यायला हरकत नाही. कडधान्य भिजत घालायला काही स्वयंपाक यावा लागत नाही.

आता कष्टाच्या माणसाची गोष्ट. ऊसतोड करणारा, मोळ्या वाहणारा, दिवसभर कुदळ मारणारा गडी घेतला तर त्याला दिवसाला साडेतीन हजारांच्या आसपास उष्मांक लागतात. घरात बसून हिशेब लिहिणाऱ्याच्या दीडपट म्हणा ना. नुसत्या भाजी-भाकरीनं एवढं भरायचं तर पोट तडीला लागतं. मटणाच्या दिवशी रश्श्यावर तेलाचा तवंग असायचा, जेवणही दोन घास जास्त व्हायचं. तो दिवस गेला. त्याच्या जागी शेंगदाणे आणि गूळ घ्यावा. मूठभर शेंगदाण्यांतून दोनशेच्या आसपास उष्मांक मिळतात, वर आठ-नऊ ग्रॅम प्रथिने मिळतात ती निराळी. शेंगा उन्हात चांगल्या वाळवाव्यात, आणि बुरशी आलेले, काळे पडलेले दाणे निवडून टाकावेत. त्यात विष धरतं, आणि ते विष भाजून जात नाही. भाकरीवर तिळाची, कारळ्याची, जवसाची चटणी तेल घालून घ्यावी. मासळी सोडलेल्यांनी जवस विसरू नये. कोकणातल्या मंडळींनी मासळी सोडली तर तिच्याबरोबर चुनखडीचा, म्हणजे हाडांना लागणाऱ्या कॅल्शियमचा, एक मोठा वाटाही जातो. बारीक मासळी काट्यासकट खाल्ली जाते ना! तो वाटा नाचणीने आणि तिळाने भरून काढावा.

इथंच एक गोष्ट सांगून ठेवते. अशक्तपणा वाटला की तालुक्याला जाऊन सलाईन लावून यायची खोड फार पसरली आहे. नेहमीच्या पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम. म्हणजे शंभराच्या आत उष्मांक. अर्धी भाकरी! जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं तेव्हा सलाईन जीव वाचवतं, तिथं ते लावलंच पाहिजे. पण रोजच्या अशक्तपणावर त्याचा उपयोग नाही. त्या दिवशी बरं वाटतं ते दोन तास आडवं पडायला मिळालं म्हणून.

आता सगळ्यात महत्त्वाचं बोलायचं आहे, जरा कान देऊन ऐका. डाळीनं प्रथिने भरून येतील, शेंगदाण्यानं उष्मांक भरून येतील. पण ब-१२ नावाचं एक जीवनसत्त्व आहे, डॉक्टर त्याला बी ट्वेल्व्ह म्हणतात. ते झाडपाल्यात, धान्यात, डाळीत, भाजीत कशातच नाही. ते मिळतं मांस, मासळी, अंडी आणि दूध यांतूनच. म्हणजे माळकऱ्याला उरलं फक्त दूध. माणसाला दिवसाला साधारण दोन मायक्रोग्रॅम लागतं. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतकं थोडं! पण तेवढं पाहिजेच. रक्त तयार व्हायला ते लागतं, आणि नसांवरचं वेष्टण शाबूत राहायलाही तेच लागतं.

यातली खोच अशी की, हे जीवनसत्त्व काळजात, म्हणजे यकृतात, साठवलेलं असतं. आज मांस सोडलं तर उद्या काही होत नाही. श्रावण पाळला, चातुर्मास पाळला, तरी काही बिघडत नाही. साठा दोन-दोन, तीन-तीन वर्षं पुरतो. कोठीतलं धान्य काढून खावं आणि तळ दिसेपर्यंत कोणाच्या ध्यानात येऊ नये, तसं होतं. म्हणून माणूस म्हणतो, "मी माळ घातली त्याला तीन वर्षं झाली, तेव्हा काही झालं नाही, आता कशाला होईल?" तर आताच होतं.

खुणा सांगते. हातापायांना मुंग्या येतात. तळवे बधिर होतात, पायातली चप्पल निसटली तरी समजत नाही. अंधारात चालताना तोल जातो. जीभ लालभडक, गुळगुळीत होते आणि तिखट लागलं की झोंबते. विसराळूपणा वाढतो, विनाकारण चिडचिड होते, थोड्या कामानं धाप लागते. यातल्या दोन-तीन खुणा दिसल्या तर वयावर, वाऱ्यावर, करणीवर घालवू नका. रक्त तपासून घ्या. नसांना इजा होऊन फार दिवस गेले तर ती पुरती भरून येत नाही. वेळेवर कळलं तर डॉक्टर इंजेक्शनं देतात, गोळ्या देतात, आणि माणूस उभा राहतो.

साठीच्या पुढच्यांनी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू असणाऱ्यांनी, आणि पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी तर जास्तच जपलं पाहिजे. त्यांच्या पोटात ब-१२ नीट शोषलंच जात नाही. आणखी एक. रक्त कमी आहे म्हणून मनानं नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या खात राहू नये. रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण आत नसांचा बिघाड चालूच राहतो.

मग करायचं काय? दूध घरात ठेवायचं. आज गोठ्यात दोन म्हशी, एक संकरित गाय, आणि घरातल्या माणसांना चहापुरतं दूध, अशी घरं मी किती दाखवू! पहाटे धार काढली की सगळं डेअरीला. फॅट किती लागला, रुपये किती पडले, एवढंच बघायचं. एक लिटर दुधात साधारण चार ते पाच मायक्रोग्रॅम ब-१२ असतं. म्हणजे दूध आणि दही मिळून माणशी अर्धा लिटर पोटात गेलं तर गरज भागते. एवढं सगळ्यांना जमणार नाही हे मला कळतं. पगार नाही, तेव्हा दुधाच्या पैशावर घरचा बाजार चालतो. तरी निदान मोठा पेलाभर दूध आणि एक वाटी घट्ट दही, एवढं ज्यानं मांस सोडलं त्याच्या वाट्याला यायलाच पाहिजे. किटली भरण्याआधी घरचं माप बाजूला काढा. मागाहून काढू म्हटलं की ते राहतं. पाणीदार ताकाला दही समजू नका, एका वाटी दह्याचं तांबाभर ताक केलं तर त्यात सत्त्व वाटीभरच आहे. तुपात ना प्रथिने ना ब-१२, ते पुरणपोळीवर छान लागतं, एवढंच.

ज्यांच्याकडे दुभतं नाही, दूध विकत घेणं परवडत नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून ब-१२ ची गोळी घ्यावी. माळकरी मंडळी विचारतात, "गोळी चालेल का?" ब-१२ औषध म्हणून तयार करतात ते सूक्ष्म जिवाणूंकडून, आंबवण्याच्या रीतीनं. त्यात मांस नाही. मात्र काही औषधं मऊ कुपीत येतात, आणि त्या कुपीचं जिलेटीन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेलं असतं. दुकानदाराला साधी, कुपी नसलेली गोळी मागावी. संशय मिटतो.

आता बायकांविषयी. घरचा कर्ता माळ घालतो आणि त्या दिवसापासून सगळ्या घराची चूल बदलते. सुनेला कोणी विचारत नाही, पोरांना तर नाहीच. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयाच्या आढळल्या. त्यात मटण-मासळी खाणाऱ्या घरांतल्याही खूप आहेत, तेव्हा सगळं खापर शाकाहारावर फोडता येत नाही. पण आधीच रक्त कमी, त्यात ताटातलं होतं तेही गेलं, तर काय उरेल?

मांसातलं लोह अंगाला चटकन लागतं, भाजी-धान्यातलं तितकं लागत नाही. त्याला हात द्यावा लागतो. जेवताना लिंबू पिळावं, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, मोडाची कोशिंबीर खावी. यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. आणि चहा जेवणाला लागून घेऊ नये, तासभर अंतर ठेवावं. भाकरी खाल्ली की लगेच वर चहा, ही सवय पोटातलं लोह बांधून ठेवते. लोखंडी तवा-कढई मोडीत घालू नका. बाजरीत ज्वारीपेक्षा लोह जास्त. त्यातही 'धनशक्ती' हा वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला. इक्रिसॅट आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून तो पुढे आणला. त्यात किलोला ७० मिलिग्रॅमच्या आसपास लोह भरतं. तो संकरित नाही, सुधारित वाण आहे. शेजारी दुसरी बाजरी नसेल तर घरचं बी धरता येतं. बाजरीचं पीठ मात्र आठवड्यापुरतंच दळावं, लवकर कडवट होतं.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना सरकारी दवाखान्यात लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फुकट मिळतात. त्या उशाला ठेवण्यासाठी नसतात, खाण्यासाठी असतात. शौचाला काळी होते, ती होणारच, भिऊ नये. या बाईनं मांस सोडलं असेल, दूधही पुरेसं नसेल, तर डॉक्टरांना तसं उघड सांगावं, म्हणजे ते ब-१२ बघतील. आईच्या अंगात ते नसलं की तिच्या दुधातही उतरत नाही. पोर सुस्त पडतं, हसायचं बंद होतं, धरलेली मान सोडतं, हात कापतात. हे फार उशिरा ध्यानात येतं. म्हणून कर्त्या माणसाला माझं एवढंच सांगणं आहे: माळ तुमच्या गळ्यात आहे. गरोदर सुनेच्या आणि वाढत्या पोराच्या ताटाचा निर्णय तिला विचारून, वेगळा करा. सगळं घरच सोडणार असेल तर दुधाचं माप आधी त्या दोघांचं निघू द्या.

एकादशीचं थोडं बोलते. महिन्याला दोन एकादश्या, म्हणजे वर्षाला चोवीस दिवस. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे एका कंदाचा निव्वळ पिष्टमय गर. पोट भरतं, प्रथिने जवळजवळ शून्य. खिचडीत जे काही सत्त्व आहे ते दाण्याच्या कुटाचं. तेव्हा भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, रताळं, दही असा फराळ करावा. दुसऱ्या दिवशी पाभर चालवायची असेल तर फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

सोयाबीन घरात भरपूर असतं, पण ते विकायचं धान्य, खायचं नव्हे, असा समज आहे. त्यात इतर डाळींच्या दीडपट प्रथिने असतात. मात्र कच्चं दळू नये. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारा एक घटक असतो. निवडलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटं उकळावं, उपसून कडक उन्हात वाळवावं, आणि नऊ किलो गव्हात एक किलो या मापानं दळून आणावं. पोळीला वास येत नाही, पोरांना कळतही नाही. यापेक्षा जास्त घातलं तर मात्र चव बदलते आणि घरात बंड होतं!

शेवटी शेताकडे वळू. पाच माणसांच्या घराला माणशी रोज ८० ग्रॅम डाळ-कडधान्य धरलं तर वर्षाला दीड क्विंटलच्या आसपास लागतं. क्विंटलभर तुरीची डाळ साधारण ७० किलो उतरते, हे धरून चाला. सोयाबीनचे चार तास आणि तुरीचे दोन तास हा आंतरपिकाचा मेळ मराठवाडा-विदर्भात चांगला बसलेला आहे. बांधाला चवळी, हलक्या रानात मटकी-हुलगा, परसात एक शेवगा आणि एक लिंबू. शेवग्याच्या शेंगाच नव्हे, कोवळा पालाही भाजीला घ्यावा. मळणी झाली की घरचं दीड क्विंटल आधी बाजूला काढावं आणि मग बाजाराची पोती शिवावी. भाव चढला की घरचं पोतंही गाडीत चढतं, हे दरसाल बघतो आपण. डाळ करून ठेवली तर भुंगेरा कमी लागतो. अख्खं कडधान्य ठेवायचं असेल तर कडक वाळवून, किलोमागे चमचाभर गोडेतेल सगळ्या दाण्यांना चोळून, कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवावं. बियाण्याचा वाटा तेल चोळण्याआधीच वेगळा काढावा.